आईचं लांब बसणं

माझ्या आईने तिच्या नातीला एकदाही मांडीवर घेतलं नाही.

आज सकाळी ती गेली. रोह्याजवळच्या आमच्या गावी, पडवीतल्या त्याच खाटेवर.

फोन येतायत, "कशाने गेल्या?" म्हणून एकदाच लिहिते. थायरॉइडचा कॅन्सर.

हो, तोच. ज्याला सगळे "चांगला कॅन्सर" म्हणतात.

आईच्या गळ्याला गाठ आली तेव्हा मलाही हेच ऐकवलं. बहुतेक गाठी साध्याच असतात. आधी सोनोग्राफी करू, मग सुईने पेशी काढून तपासू, घाबरू नका.
आईची गाठ त्या बहुतेकांत नव्हती.

ऑपरेशन करून अख्खी ग्रंथी काढली. मग आयोडीन द्यायचं ठरलं. हे आयोडीन किरणं सोडणारं. थायरॉइडच्या पेशी अंगात कुठेही लपलेल्या असोत, त्या ते ओढून घेतात आणि त्यानेच मरतात, असं डॉक्टरांनी समजावलं. त्याआधी पॅकेटचं आयोडीनवालं मीठ बंद, दूध बंद, मासळी बंद.

"सुकटपन नाय?" आईने डॉक्टरांना विचारलं.
"सुकटपण नाही, मावशी."

कॅन्सर ऐकून रडली नव्हती ती. सुकटीचं मात्र तिला फार लागलं.

मुंबईच्या हॉस्पिटलात वेगळी खोली. जेवण दाराशी ठेवून माणूस मागे सरायचा. मग मशीन लावून अंगातली किरणं मोजली आणि घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, "काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बाई, यांच्यापासून लांब राहा. नंतर सगळं नॉर्मल."

गरोदर बाई म्हणजे मी. पाचवा महिना.

आई लांब बसली.

लांब कसं बसायचं हे तिला कुणी शिकवायला नको होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून सासूने दर महिन्याला तिला पडवीत बसवलं होतं. वेगळं ताट, वेगळा तांब्या, वेगळी गोधडी. पाळी गेली तेव्हा ते ताट तिने माळ्यावर फेकलं होतं.
आता तिनेच ते खाली काढलं, पडवीत खाट टाकली.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस संपले. आई उठली नाही.
"डॉक्टरला काय, सांगून मोकळा. माझ्या अंगात काय हाय ते मला ठाव."

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्यात बोलावंसुद्धा लागत नाही. माझं पेणला झालं, सासरी. आईने येऊच दिलं नाही.

ओवीला घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा ती खाटेवरून उठून अंगणाच्या टोकाला जाऊन उभी राहिली. तिथूनच बघितलं.
"नाक आपल्याकडचं हाय गो," म्हणाली.
डोळे भरलेले. पण पाऊल पुढे नाही.

भांडले. हातापाया पडले. डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावून दिला. ती स्क्रीनकडे बघून "व्हय, व्हय" म्हणायची आणि नंतर ओवीचं दुपटं खाटेजवळ पडलेलं दिसलं की काठीने सरकवायची.

मोड आलेले वाल सोलायला बसली की आईला जगाची शुद्ध नसायची. तेही सोडलं. "तू बिरडं खाशील, तुझ्या दुधातनं पोरीला जाईल."

मग पुन्हा स्कॅन झाला. फुफ्फुसात गाठी, मणक्यात गाठी. आणि त्या आता आयोडीन ओढतच नव्हत्या. परत देऊन उपयोग नाही, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या एका गोळीने थोडे महिने रेटले. त्या गोळीने तळपाय सोलवटले, जेवण तुटलं, शेवटी तीही बंद केली.

स्कॅनच्या त्या दिवशी मी वेड्यासारखी एकच गोष्ट धरून बसले होते. म्हटलं, आई, ऐक. गाठींनी औषध घेतलंच नाही. तुझ्या अंगात काहीसुद्धा नाहीये. आता तरी घे हिला.

ती म्हणाली,
"गाठीनं घेतलं नाय. मंग त्ये गेलं कुठं?"

लघवीतून गेलं गं, कधीच गेलं.

"तुला काय ठाव," म्हणाली. आणि खाट अजून थोडी भिंतीकडे सरकवायला लावली.

नंतर मी तिला 'ओवीला घे' असं म्हटलंच नाही.

आज वडखळच्या ट्रॅफिकमधून पोचले तेव्हा तिला खाली घेतलं होतं. बायका म्हणाल्या, लहान पोरीला जवळ आणू नको. मी ऐकलं नाही. ओवीला पडवीच्या पायरीशी उभी केली. म्हटलं, जा, आज्जीला हात लाव. आज ती नको म्हणणार नाही.

ओवी पुढे गेलीच नाही. ढकलली तर मागे सरकली.

पायरीवरूनच हात हलवून तिने टाटा केला. आज्जीला तिथूनच टाटा करायचा असतो, एवढं तिला जन्मापासून माहीत आहे.

श्रद्धांजलीचे शब्द तुम्ही लिहा. मला तिला एवढंच सांगायचंय.

नीघ आई.
तुझी नात ठणठणीत आहे.