रेंज शोधणारा हात

सुट्टीच्या दिवशी सकाळी माझी मैत्रीण शुभदा टप उघडणारी लाल गाडी घेऊन दारात उभी राहिली. म्हणाली, “चल, घाटात जाऊन येऊ.” मी घरातल्या चपलांवरच निघाले.

घाट लागला. टप मागे सरकला, डोक्यावर नुसतं आभाळ आलं, आणि तेवढ्यात साहेबांचा मेसेज धडकला. ‘सुट्टीवर आहात, माहीत आहे. पण ती फाइल पाठवता का?’ फाइल फोनमध्येच होती. पाठवायला गेले तर रेंज गेली.

मग कसलं आभाळ आणि कसलं काय. प्रत्येक वळणाला मी फोनकडेच बघत होते. शेवटी वैतागून गाडी कडेला घ्यायला लावली, सीटवर उभी राहिले आणि फोन धरलेला हात उंच केला.

समोरून एसटी आली. खिडकीतल्या एका आजींनी मला पाहून हात हलवला. पाठोपाठ सगळ्या खिडक्यांतून हात हलू लागले.

“हलव की हात,” शुभदा म्हणाली. “त्यांना वाटतंय, तू मजा करतेयस.”

मी दात काढून हात हलवला. एसटी वळणाआड गेली. आजवर दुसऱ्यांच्या फोटोंतले असे उंचावलेले हात बघून मी किती जळले होते. त्यातले कितीजण रेंज शोधत होते, कोण जाणे.

हातातला फोन थरथरला. हात हलवताना फाइल गेली होती. साहेबांचं उत्तरही आलं होतं.

‘अहो, सावकाश पाठवायची. घाई नव्हती.’