पुढच्या तारखांचे शिक्के

खोट्या नोंदींविरुद्ध मी आयुष्यभर पत्रे लिहिली. टँकरच्या न झालेल्या फेऱ्या, सोसायटीच्या न भरलेल्या सभांची इतिवृत्ते, हजेरीपटावर हजर असलेली गैरहजर मुले. प्रत्येकाविरुद्ध नियमाच्या आधारासह पत्र, आणि त्याची प्रत वरिष्ठांना. त्यामुळे जिल्ह्यातील शालेय ग्रंथपालांच्या अधिवेशनात त्या दुष्काळी जानेवारीत माझ्यावर जो प्रसंग आला, तो मी विसरलेलो नाही.

प्रत्येक शाळेने आपले सर्वाधिक वाचले गेलेले एक पुस्तक प्रदर्शनासाठी आणावे, अशी सूचना होती. धारूरहून पहिली गाडी गाठायची होती. मी घाईने कपाट उघडले, ज्याच्या तारीखपट्टीवर सर्वांत जास्त शिक्के दिसले ते पुस्तक पिशवीत टाकले आणि निघालो.

उद्घाटन एका सहकारी साखर कारखान्याच्या अध्यक्षांच्या हस्ते होते. ते दोन तास आले नाहीत. मी मांडीवर कागद घेऊन आयोजकांच्या नावे निषेधाचे पत्र लिहायला बसलो. तेवढ्यात तलवाड्याचे माझे ग्रंथपाल मित्र माझेच पुस्तक हातात घेऊन आले.

"आज जानेवारीच हाय ना बे?"

"मग?"

"मग ह्याच्यावर एप्रिलचा शिक्का कावून? तुझी पोरं लई पुढं गेली!"

तो शिक्का मीच मारलेला होता. आमच्या शाळेतील चौदा मुले दरवर्षी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जात. पुस्तक सात दिवसांत परत करण्याचा नियम होता. मुलांना रिकाम्या हाताने पाठवणे मला जमत नव्हते आणि नियम मोडणेही जमत नव्हते. म्हणून पुस्तक देतानाच मी एप्रिलपर्यंतच्या प्रत्येक आठवड्याचा शिक्का आगाऊ मारून ठेवत असे. कागदोपत्री पुस्तक दर आठवड्याला येई आणि जाई. त्या वर्षी ऊसच वाळला, कारखाना संक्रांतीला बंद पडला, सातवीतली एक मुलगी लवकर परतली आणि पुस्तक जमा करून गेली. न आलेल्या तारखा पट्टीवर तशाच राहिल्या.

मित्राच्या खांद्यावरून उपशिक्षणाधिकारी बाई ती पट्टी वाचत होत्या. हजेरीपटांविषयी मी अकरा पत्रे लिहिली होती, ती याच बाईंना.

"हे तुमचंच का, सर?"

मी उभा राहिलो. "होय. नोंद खोटी आहे आणि ती मीच केलेली आहे." मग सर्व हकीकत सांगितली. कारवाईची भीती नव्हती असे म्हणणार नाही. पण त्याहून मोठी भीती ही होती की, पुढच्या दिवाळीत ती चौदा मुले पुस्तकाविना जातील.

"पुस्तकं परत येतात?"

"सगळी येतात. राखेचे डाग असतात, पण पान फाटलेलं नसतं."

"सात दिवसांचा नियम कुणाचा?"

"शाळेच्या ग्रंथालय नियमावलीचा."

"ती कुणी केली?"

"मीच. मुख्याध्यापकांची सही आहे."

"मग बदला की! मला अकरा पत्रं लिहिलीत, स्वतःला एक लिहायला काय झालं होतं?"

मित्र एवढ्या मोठ्याने हसले की, अखेर येऊन नुकतेच बोलायला उभे राहिलेले अध्यक्ष क्षणभर थांबले. एरवी मला राग आला असता. त्या दिवशी मात्र कित्येक दिवाळ्यांचे ओझे उतरले आणि मीही हसलो. अध्यक्षांनी कारखान्याची थोरवी पाऊण तास सांगितली, पुस्तकांविषयी अवाक्षर काढले नाही, आणि तेही मी निमूटपणे सोसले. कारण मी कामात होतो. मांडीवरचा कागद उलटा करून मी दुरुस्तीचा मसुदा लिहीत होतो: 'पालकांसह हंगामी कामासाठी बाहेरगावी जाणाऱ्या विद्यार्थ्यास गावी परत येण्याच्या दिवसापर्यंत पुस्तक जवळ ठेवता येईल.'

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी उभ्याउभ्याच सही केली आणि तो कागद नियमावलीला जोडला गेला. त्याच्या पाठीवरचे निषेधाचे पत्र मात्र आयोजकांना कधीच गेले नाही.