फळ्यांना प्लायवूडचं अस्तर

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीनंतर कुणी तपासलेलं नाही. वही माझ्यापुरतीच आहे, तरी कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं.

नारायण पेठेत एका फरसाणाच्या दुकानावर माझी शिवणाची खोली आहे. जमीन जुन्या लाकडी फळ्यांची, मध्ये फटी. मशीन सुरू केलं की फळ्या थरथरायच्या आणि खाली दुकानात धूळ पडायची. एक दिवस टाचणीच पडली, चिवड्याच्या परातीत.

दुकानदार काका वर आले. खोलीचे मालकही तेच. "बाई, चिवड्यात आम्ही शेंगदाणे घालतो. टाचण्या घालायची पद्धत नाही. या महिन्यात जमीन नीट करा, नाहीतर खोली सोडा. प्लायवूडचे पैसे मी देतो, भाड्याबरोबर थोडे थोडे फेडा."

मी हो म्हटलं. खोली गेली असती तर धंदाच गेला असता.

मिस्त्री आला आणि फळ्या जशा उभ्या होत्या तसेच प्लायवूडचे तुकडे उभे टाकू लागला. खालच्या तीन फळ्या अजून हलत होत्या.

मी हळूच म्हटलं, "भाऊ, आधी त्या आवळायच्या ना?"

"ताई, तुम्ही ब्लाउज शिवा."

मी ब्लाउज शिवायला घेतला. दुपारी दोन तुकडे बसले. त्यांच्यावर उभी राहिले तर तीच कुरकुर, आणि दोन्हींचा जोड बरोबर खालच्या फटीवर. कापड सैल असताना अस्तर लावलं तर झोळ जात नाही, हे मी रोज बघते. मी शिंप्याचा खडू घेतला आणि गुडघ्यांवर बसून सगळी जमीन आखली. हलणाऱ्या फळ्यांवर फुल्या, प्लायवूड फळ्यांना आडवं, जोड विटांसारखे मागेपुढे, भिंतीशी बोटभर जागा.

"हे उचकटा," मी म्हटलं.

"मजुरी वाढेल."

"वाढू दे."

त्याने खडूच्या रेघा एकदा नीट बघितल्या. मग त्याने एकेक स्क्रू काढायला घेतला.

दुसऱ्या दिवशी काम संपलं. मी टाचण्यांची अख्खी डबी जमिनीवर पालथी केली आणि मशीन जोरात चालवलं. मशीन थांबवून जिन्यातून डोकावले, तर काका परातीवर छत्री उघडून बसलेले. थोड्या वेळाने त्यांनी छत्री मिटली. धुळीचा कणही पडला नव्हता. मिस्त्री जाताना म्हणाला, "ताई, तो खडू मिळेल का एक?" मी दोन दिले.

दिवाळीच्या शिवणानंतर मी प्लायवूडचे शेवटचे पैसे द्यायला खाली गेले. काकांनी नोटा मोजल्या.

"हल्ली वर मशीन चालू असतं का हो? काही ऐकूच येत नाही."

"चालतं, म्हणून तर पैसे फिटले," मी म्हटलं, दुकानातल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.