वत्सलाबाईंनी पाजलेलं औषध

उमापूरच्या वत्सलाबाई चिडल्या की आधी पदर खोचतात. त्या दिवशी तो सकाळीच खोचला गेला. शेडात पुन्हा शे-दीडशे कोंबड्या मरून पडल्या होत्या आणि खाली अंथरलेल्या भाताच्या तुसावर रक्ताची हगवण.

वीस वर्षं ऊस तोडून कंबर गेली, तेव्हा बाईंनी हे शेड घातलं. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं, राबणं बाईंचं. चार वर्षं हगवणीवर औषध एकच. हगवण थांबेना, तर कंपनीचा माणूस शहादेव म्हणाला, डोस दुप्पट करा. केला. तरी मरतुक थांबली नाही.

शेवटी बाईंनी मेलेली कोंबडी, औषधाची बाटली आणि पोत्यावरची चिठ्ठी पिशवीत घालून जनावरांचा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टर मोहिनीताईंनी आतडं चिरून दाखवलं, मग बाटली आणि खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी शेजारी धरली. दोन्हींत औषध तेच! पिल्लू पहिल्या दिवसापासून तेच खातंय, आणि जंतू त्याला केव्हाच सरावलेत. औषध बदलायला हवं होतं, जुना तूस काढायला हवा होता. शहादेव मात्र दर खेपेला सांगायचा, जुन्यावरच नवा पसरा. चिठ्ठी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. संताप येणार नाही तर काय होणार!

दुपारी शहादेव कागद घेऊन आला. 'औषध वेळेवर न पाजल्यामुळे पक्षी दगावले.' सही केली तरच पुढची पिल्लं.

"म्या पाजलं न्हाई?" बाई कडाडल्या. "कोंबड्यायला पाजल्याबिगर म्या कदी च्या तोंडाला लावला न्हाई!"

"वरूनच तसं लिहून आलंय, मावशी. करा की सही."

"आन् औषध? तेच?"

शहादेवनं पेन पुढे केलं.

बाईंनी पेन हिसकावून ती ओळ खोडली. खाली सावकाश लिहिलं: 'औषध रोज पाजलं. लागू पडत नाही. बदला.' त्याखाली पूर्ण नाव. शहादेवनं कागद घेतलाच नाही. गाडीला किक मारून तो गेला.

दुसऱ्या दिवशी पिल्लांचा टेम्पो बाईंचं शेड ओलांडून शेजारच्या धोंडीरामच्या शेडाकडे वळला. त्याच्याही कोंबड्या हगवणीनंच गेल्या होत्या. बाई अनवाणीच मागे धावल्या.

"धोंडीराम, जुना तूस काढ आदी! औषध बदलून माग!"

"आता कसं मागू, वैनी?" धोंडीराम खाली बघत म्हणाला. "औषध पाजलं न्हाई म्हणून सही केलीया म्या."

बाईंनी तिथंच त्याला, शहादेवला आणि कंपनीला शिव्यांची लाखोली वाहिली. पिल्लं उतरतच होती.