न झाडलेली फळी

निवृत्तीनंतर ताहोच्या डोंगरात घर घेणारे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या आमच्या मराठी मंडळात आम्ही दोघेच. माझं घर एका स्की रिसॉर्टच्या पायथ्याशी, मित्राचं शेजारच्या. मध्ये एकच खिंड, पण बर्फ त्याच्याकडे जास्त. माझ्याकडे सहा इंच, तर त्याच्याकडे दहा. सकाळी त्याचा फोटो ग्रुपवर आला, की माझा चहा कडू व्हायचा. कॉलेजात आम्ही एकाच खोलीत राहिलो. मार्कही त्यालाच जास्त पडायचे.

मंडळाचा तिळगूळ आणि मुलांचं स्कीइंग एकाच रविवारी असे. बर्फ जास्त, तिथे सगळे जाणार. तीन वर्षं ओळीनं त्याच्याकडेच गेले.

"तुझ्याकडे उन्हाळ्यात येऊ रे," तो फोनवर हसला. "गवत छान असतं तुझं."

बर्फ मोजायला आम्ही अंगणात पांढरी फळी ठेवायचो. रोज सकाळी पट्टी लावायची आणि फळी झाडून टाकायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी फक्त रात्रीचा बर्फ मोजला जातो. रिसॉर्टच्या आकड्यांपेक्षा मंडळाचा आमच्या फळ्यांवर जास्त विश्वास. चौथ्या वर्षी शुक्रवारी मी फळी झाडलीच नाही. शनिवारी दोन दिवसांचा बर्फ एका रात्रीचा म्हणून कळवला: सोळा इंच. त्याचे खरे बारा.

रविवारी सगळ्या गाड्या माझ्याकडे वळल्या. दुपारी तोही आला, टायरला साखळ्या बांधून, त्याच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी केलेल्या गुळपोळ्यांचे डबे घेऊन.

"जिंकलास लेका!" त्यानं सगळ्यांसमोर मला मिठी मारली, मग माझ्या बायकोकडे वळून म्हणाला, "वहिनी, तूप काढा."

इतकं छान हरता येतं त्याला, याचाही मला हेवा वाटला. पुढच्या दोन संक्रांतींना मी पुन्हा तेच केलं. त्यानंतर त्यानं घर विकलं. "कोणी येत नाही, तर दोघांसाठी हीटर कशाला?" म्हणाला, आणि टेक्सासमध्ये मुलाकडे अर्विंगला गेला. तिथे मोजण्याइतका बर्फच नाही. मला आधी बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

आता दर वर्षी सगळे माझ्याकडे येतात. "काका, तुमचा स्पॉट बेस्ट!" म्हणतात. अर्विंगहून वहिनी फोनवर विचारतात, यंदा किती जण होते.

म्हणून हे आज ग्रुपवर टाकतो आहे. त्या शनिवारी माझ्याकडे नऊच इंच होते रे. तिन्ही वर्षं बर्फ तुझ्याकडेच जास्त होता. अजूनही तिथेच जास्त पडतो, आणि अजूनही मला ते बघवत नाही.