घळीतली पायवाट आणि माझं अनुमोदन

नॉर्थ कॅरोलायनात आमच्या टाउनहाउसांच्या मागे एक घळ होती, घळीच्या पलीकडे अपार्टमेंट्स. २००५ साली तिथे सार्वजनिक उद्यान करायचं ठरलं आणि रहिवाशांच्या डिझाइन कमिटीत मला घेतलं. पुण्यात सिव्हिल शिकून पुढे जन्मभर सॉफ्टवेअर लिहिलेल्या माणसाला याहून मोठा मान नाही. मी जेवणाच्या टेबलावर नकाशे पसरायचो. घरचे उभ्याने जेवायचे.

कमिटीतली माणसं फार सज्जन. बाकांचा रंग झाडाच्या सालीसारखा असावा की पाचोळ्यासारखा, यावर दोन मीटिंगा झाल्या. घळीवरचा पूल मात्र पाच मिनिटांत रद्द झाला. उद्यान सगळ्यांसाठी हवं, यावर एकमत होतं. फक्त पलीकडच्या लोकांनी इकडे येऊ नये. तसं कुणी बोललं नाही. सगळे ‘निसर्गाचा समतोल’ म्हणाले. मीही म्हणालो.

त्या वर्षी बाबा सहा महिन्यांसाठी आले होते. त्यांना ड्रायव्हिंग येत नाही आणि आमच्या रस्त्याला फुटपाथ नाही. पण आठवड्याभरात त्यांना पलीकडच्या अपार्टमेंटमध्ये नागपूरचे एक काका सापडले. रोज सकाळी बुद्धिबळाचा पट पिशवीत घालून बाबा घळ उतरायचे आणि ओहोळातल्या तीन दगडांवरून पलीकडे जायचे. त्यांच्या चालण्याने तिथे वाट पडली.

काका मला एकदा म्हणाले, “तुझ्या बाबांना चढताना दम लागून राहिला. इंजिनियर आहेस ना तू? मग पूल काहून नाही टाकत?”

मी नुसता हसलो.

पुढच्या मीटिंगला अध्यक्षबाईंनी एक स्लाइड लावली: बेकायदा पायवाट आणि तिच्यामुळे होणारी मातीची धूप. फोटोत एक म्हातारा पाठमोरा. डोक्यावर माकडटोपी, हातात नायलॉनची पिशवी. माझ्या लग्नात पाहुण्यांना वाटलेली. तिच्यावर ठसठशीत ‘शुभविवाह’ आणि खाली माझं नि बायकोचं नाव. त्या खोलीत देवनागरी वाचता येणारा मी एकटाच.

“पलीकडचे कुणीतरी असावेत,” बाई म्हणाल्या.

हे माझे वडील. तीनच शब्द होते. ते मी बोललो नाही. वाट बंद करून कुंपण घालायचा ठराव आला, अनुमोदन कोण देतंय म्हणून सगळे इकडेतिकडे बघू लागले, तेव्हा मी हात वर केला.

आठवड्यात कुंपण उभं राहिलं. “इथले नियम फार कडक आहेत, बाबा. मी तरी काय करणार?” असं मी घरी सांगितलं. ते “बरं” म्हणाले. उरलेले दोन महिने ते हॉलमध्ये दोन्ही बाजूंनी एकटेच खेळले.

पुढच्या खेपेला ते आले तेव्हा उद्यान तयार होतं. मी आखलेली वाट रुंद, वळणावळणाची. कुठेही न जाता पार्किंगलाच परत येणारी. मी उत्साहाने सगळं दाखवत होतो. दारातल्या फलकावर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो होते. बाबा ‘आधी’पाशी थांबले. चष्मा पुसून त्यांनी पुन्हा पाहिलं.

“पिशवी छान आलीय रे. तुझं नाव अगदी स्वच्छ वाचता येतंय.”

मी पुढच्या वळणाकडे बोट दाखवलं.

“मीटिंगमध्ये दाखवला होता हा फोटो?”

“हो.”

“मग कुणीच वाचलं नाही?”

“तिथे मराठी कुणाला येतं, बाबा?”

“तू नव्हतास का?”

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग पाचोळ्याच्या रंगाच्या बाकावर जाऊन बसले, पलीकडच्या अपार्टमेंट्सकडे तोंड करून.