आईच्या कानाशी केलेली प्रार्थना

मित्रांनो, कोणाला विचारावं कळत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आई चार दिवसांपासून बुलढाण्यात दवाखान्यात आहे. सकाळी डॉक्टर म्हणाले, आता आमच्या हातात फारसं काही नाही. आईला कमी ऐकू येतं, म्हणून मी तिच्या कानाशी वाकून मोठ्यानं सुरू केलं, "हे प्रभू येशू..."

शेजारच्या पेशंटसोबत आलेले एक काका उठले. "ओ भाऊ, हे धर्म बदलायचं काम इथं नका करू."

"काका, माही माय हाय हे. तिचा कोणता धर्म बदलू?"

तेवढ्यात कोणीतरी मोबाईल माझ्याकडे धरलेला दिसला. मी घाबरलो. प्रार्थना अर्धीच सोडली.

आई म्हणाली, "काऊन थांबला रे? मले आयकू नाई येऊन राह्यलं."

मी नुसते ओठ हलवत बसलो. शब्द एकही नव्हता, मनातसुद्धा. मनात फक्त तो मोबाईल होता.

ओठ थांबले, तशी आई म्हणाली, "आमेन." तिला स्वतःचा आवाज कळत नाही. अख्ख्या वॉर्डानं ऐकलं.

तेव्हापासून जिन्यात बसलोय. आत जायची हिंमत होत नाही. सांगा ना, माझ्या कोणत्या प्रार्थनेला ती आमेन म्हणाली?